मार्तंडचं भेव

आज मार्तंडनं हात वर केला असेल का?

पोळा होऊन गेला, गणपती आले आणि गेले, पितरांचा पंधरवडा लागला, तरी पुष्पलताच्या डोक्यातून हा प्रश्न हलायला तयार नव्हता. भाजी निवडताना तो असे, शाळेत सातवीच्या मुलींना नकाशावर नद्या दाखवताना असे. एकदा वैनगंगेवर ठेवलेली काठी तिनं तशीच धरून ठेवली. मुलींना वाटलं, बाईंना चक्कर आली.

मार्तंड तिचा एकुलता एक मुलगा, उमरेडच्या कोळसा खाणीवर नोकरीला. खाण उघडी, म्हणजे जमिनीत तलावाएवढा खणलेला खड्डा. कोळसा मोकळा करायला तिथे दुपारी सुरुंग उडवतात. त्याआधी भोंगा वाजतो, माणसं वर येतात, आणि खाली कोणी राहिलं नाही हे पाहून काठावरच्या एका माणसानं हात वर करायचा असतो. तो हात वर झाल्याशिवाय सुरुंग उडत नाही. गेली तीन वर्षं तो हात मार्तंडचा होता. आणि या होळीपासून तो वर जायला वेळ लागत होता.

होळीच्या आसपास झालं होतं असं, की भोंगा वाजला, माणसं वर आली, मार्तंडनं नीट पाहिलं आणि हात उचलणार तोच खालून एक मजूर डोळे चोळत बाहेर आला. डंपरच्या सावलीत झोपला होता. कोणाला काही झालं नाही. वरच्यांनी त्या मजुराला चार शिव्या दिल्या, तोही हसला, आणि दुसऱ्या दिवशी सगळे ते विसरले. मार्तंड विसरला नाही. तो रोज भोंग्यानंतर स्वतः खाली उतरायला लागला. प्रत्येक डंपरच्या मागे, प्रत्येक ढिगाच्या आड जाऊन पाहायचा. वर यायचा. हात उचलायच्या आधी पुन्हा उतरायचा. त्याचे तळहात ओले होत, आणि काठावर उभी असलेली माणसं ओरडत, "ए चौकीदार, आज करतं का उद्या?"

चौकीदार हे त्याचं नाव खाणीवर पडायच्या कितीतरी आधी नागपुरात घराजवळच्या, पाचपावलीतल्या पोरांनीच पाडलं होतं. ते कसं पडलं, ते पुष्पलताइतकं कोणालाच ठाऊक नव्हतं.

तिचं माहेर कुहीचं. वडील शाळामास्तर, घरात पुस्तकं फार आणि देव नाहीत. नागपूरला राहून तिनं तर्कशास्त्र घेऊन बी.ए. केलं आणि कोष्ट्यांच्या घरात सून म्हणून आली. सासरे धोंडबा हातमागावर लुगडी विणत. नवरा मनोहरराव माग सोडून पाटबंधारे खात्यात कारकून झालेला. सासू मैनाबाईंचा भिंतीतला कोनाडा देवांनी गच्च भरलेला. नवी सून त्या कोनाड्यापुढे हात जोडत नाही, हे मैनाबाईंच्या दोन दिवसांतच ध्यानात आलं. त्यांनी भांडण केलं नाही. म्हणाल्या, "तुह्या वाटचा नमस्कार मी करत जाईन. तू भात पाह्य." तेव्हापासून घर असं चाललं. पुष्पलतानं देव नाही हे कोणाला पटवायला घेतलं नाही. तिच्या लेखी तो विषय संपलेला होता. मुलाचं नाव मैनाबाईंनी देवाचं ठेवलं, तिनं त्यावरही वाद घातला नाही.

मार्तंड सहा वर्षांचा असताना एका संध्याकाळी मनोहररावांना कचेरीतून यायला उशीर झाला. पोरगा आजीच्या आणि आईच्या मध्ये येरझारा घालत होता.

"आजी म्हणते, देव पाहतो बाबांकडे. पाहतो का गं?"

"देव नसतो रे. पण बाबा सायकल नीट चालवतात."

"मग त्यांच्याकडे पाहतं कोण?"

"कोणी नाही पाहत. आपण आपलं पाहायचं असतं."

उत्तर खरं होतं. तिला ते चांगलंही वाटलं होतं, पोराला खोटं सांगितलं नाही म्हणून. मार्तंडनं ते ऐकून थोडा विचार केला, चपला घातल्या आणि गल्लीच्या तोंडाशी जाऊन उभा राहिला. बाबांची सायकल दिसेपर्यंत हलला नाही. दुसऱ्या दिवशीही गेला. तिसऱ्या दिवशी बाबा वेळेवर येणार होते, तरी गेला. कोणीच पाहत नाही म्हटल्यावर कोणीतरी पाहायला हवं, आणि ते काम त्यानं अंगावर घेतलं. स्टोव्ह विझला का, नळ बंद झाला का, आजी विहिरीवरून आली का, सगळं त्याच्याकडे. गल्लीतली पोरं विटीदांडू खेळताना ओरडत, "अबे चौकीदार, डाव तुझा आहे!" आणि हा मध्येच पळत घरी जाऊन कडी पाहून येई.

तिनं कधी त्याला रागावलं नाही. आपल्या पोराला जबाबदारीची जाण आहे, असंच तिला वाटे. खाणीवर ती नोकरी त्याला मिळाली तेव्हा मनोहरराव हसून म्हणाले होते, "जन्मभर फुकट केलं ते काम, आता सरकार पगार देऊन राहिलं."

पण लोकांचं म्हणणं निराळं होतं. खाणीवर सुरुंगाच्या जागेपाशी एका दगडाला शेंदूर लावलेला होता आणि पाळी सुरू होताना जो तो तिथे नारळ फोडे. मार्तंड फोडत नसे. त्याच्या खोलीत राहणारा भैय्याजी, मोठा दिलदार आणि तोंडाचा फटकळ माणूस, त्याला म्हणायचा, "अबे, एक नारळ फोड अन् मोकळा हो ना यार! तुह्या डोक्यावरचं वझं त्याच्या डोक्यावर जाते."

मार्तंड म्हणे, "आज फोडला, अन् उद्या विसरलो तर? मग त्याचीही काळजी. आहे तेवढी पुरे आहे गा."

हे त्यानंच पोळ्याला घरी आल्यावर हसत सांगितलं होतं. हसत होता, पण ताटातला भात तसाच होता. साहेबांनी त्याला आठ दिवस घरी जाऊन यायला सांगितलं होतं आणि जाताना बजावलं होतं, आल्यावरही असंच चाललं तर दुसरा माणूस उभा करू. मार्तंडला खोलीत बसून हजेरी लिहिण्याचं काम चालणार नव्हतं असं नाही. पण तो म्हणाला, "मी तिथून हटलो आणि दुसऱ्यानं न पाहता हात वर केला तर?" मग कुठल्याही खोलीत बसला तरी त्याचे कान त्या भोंग्याकडेच राहणार होते.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबत निघाली, गावची इडापिडा घेऊन जाणाऱ्या राक्षसिणीच्या पुतळ्याची मिरवणूक. त्या दिवशी नागपुरात घरात कोण बसतं? शेजारच्या प्रयागबाई पुष्पलताला ओढतच इतवारीत घेऊन गेल्या. मार्तंड घरी झोपला होता, बऱ्याच दिवसांनी झोपला होता, म्हणून तिनं त्याला उठवलं नाही.

रस्त्याला पाय ठेवायला जागा नव्हती. माड्यांवर, दुकानांच्या पाट्यांवर माणसं. आणीबाणी नुकतीच उठलेली, त्यामुळे पुढाऱ्यांचे बडगे, म्हणजे नकली पुतळे, यंदा जास्तच मोठे केले होते आणि पोरं त्यांच्या नावानं मनसोक्त बोंबलत होती. मग पिवळी मारबत आली, माणसापेक्षा तिप्पट उंच, डोळे वटारलेली. बाया लेकरांना तिच्या पायाला लावायला धावल्या. जो तो आपलं दुखणं ओरडून तिच्या हवाली करत होता. खोकला घेऊन जा गे मारबत! महागाई घेऊन जा गे मारबत! कोणा एकीनं सासूचं नाव घेतलं आणि सगळा घोळका हसला.

"दे ना तूही पाठवून," प्रयागबाई तिच्या कानाशी ओरडल्या. "पोराचं भेव दे हिच्यासंगं."

"मी मानत नाही हे, ठाऊक आहे ना तुम्हाला?"

"देव नाही मानत तू, मास्तरीणबाई. हे कायची देव? नाक्याबाहेर नेऊन जाळतात हिले. देवाले कोणी जाळते का वं?"

बी.ए.ला असलं तर्कशास्त्र कोणी शिकवलं नव्हतं. पुष्पलता हसली. आणि मग काय झालं तिला कळलं नाही. मारबत अगदी समोर आली, ढोल छातीत वाजायला लागले, आणि तिच्या घशातून असा आवाज निघाला, जो तिनं बाळंतपणातही काढला नव्हता. "माझ्या मार्तंडचं भेव घेऊन जा गे मारबत!" एकदा ओरडली, मग पुन्हा ओरडली. डोळे भरून आले. प्रयागबाई "शाबास वं!" म्हणाल्या. डोळे पुसून ती वळली, तर मागे कापडाच्या दुकानाच्या पायरीवर मार्तंड उभा होता. आई अजून आली नाही म्हणून तो पाहायला आला होता.

घरी आल्यावर दारात चपला काढताना तो म्हणाला, "तू ओरडलीस आई."

"सगळ्याच ओरडत होत्या रे. गंमत असते ती."

"गंमत म्हणून ओरडणारी बाई नाहीस तू." तो ओट्यावर बसला. "आजी देवाला सांगते. बाबा विड्या ओढतात. तू काहीच करत नाहीस. खाणीच्या काठावर माझे हात ओले होतात ना, तेव्हा मी तुला डोळ्यांपुढे आणतो. म्हणतो, ही देवाशिवाय राहते आणि हिला कशाचं भय नाही. म्हणजे राहता येतं." मग तो थोडं हसला. "तूच मारबतीला सांगायला लागलीस, म्हणजे माझं फारच बिघडलेलं दिसतं."

खरं सांगायचं तर तिला रोज भय वाटत होतं. बाबांच्या सायकलचं तिलाही वाटायचं. ती फक्त त्या वेळी भांडी घासायला घेई. हे तेव्हा सांगता आलं असतं. तिनं चहा टाकला. रजा शिल्लक असूनही संध्याकाळच्या एस.टी.नं तो उमरेडला गेला, आणि त्यानंतर निरोप नाही, चिठ्ठी नाही.

आणि आज, रविवारी दुपारी, भैय्याजी दारात उभा राहिला. बहिणीकडे नागपूरला आला होता, जाता जाता डोकावला. चेहरा खुललेला.

"मावशी, तोंड गोड करा! तुमचा पोरगा लाइनीवर आला."

पुष्पलताच्या हातातलं सूप खाली टेकलं. "म्हणजे हात वर करतो आता?"

"नारळ फोडते आता! आल्याच्या दुसऱ्याच दिवशी. मले म्हणते, भैय्याजी, नारळ कुठं भेटते? मी म्हटलं, वा रे पठ्ठे!"

"आणि हात?"

भैय्याजी पाणी प्याला. तांब्या खाली ठेवताना चेहऱ्यावरचा खुलेपणा थोडा उतरला. "तेच त सांगून राहिलो मावशी. पहिले चार-पाच दिवस चांगले गेले. मंग एक नारळ वाकडा फुटला. म्हणे, हा नाही चालत, दुसरा आण. आता नारळ नीट फुटला का पाहते, मंग खाली उतरून माणसं पाहते, मंग परत येऊन नारळ पाहते. परवा तीन नारळ झाले अन् सुरुंग दीड तास लेट. आम्हाले खोबरं खाऊन खाऊन कंटाळा आला." तो हसायला गेला, पण आपणच थांबला. "जेवत नाही धड. मी काहूनचा भरीस पाडलो त्याले, असं होऊन राहिलं मले. उद्या साहेब येणार आहे खाणीवर. उद्या जर हात वेळेवर नाही गेला, त हटवतील मावशी त्याले."

तो गेल्यावर पुष्पलता बराच वेळ सूप हातात घेऊन बसली. तांदूळ पाखडायचं राहिलं. आतापर्यंत ती स्वतःला एकच गोष्ट विचारत आली होती: पोराला आपण देव दिला नाही, म्हणून तर हे झालं नाही ना? प्रयागबाई तेच म्हणत, शाळेतल्या बाया तेच म्हणत, कोणी तोंडावर, कोणी पाठीमागे. तिलाही कधी कधी वाटे, एखादं खोटं बोललो असतो तर काय बिघडलं असतं? मैनाबाई कशा रात्री शांत झोपतात. आता तिच्या पोरानं आपणहोऊन देव धरला होता, आणि भय कमी व्हायच्या ऐवजी त्याला राखायला आणखी एक जागा मिळाली होती.

मैनाबाई आतून सगळं ऐकत होत्या. त्या काठी टेकत आल्या आणि तिच्याजवळ खाली बसल्या.

"तीन नारळ फोडले म्हणे का त्यानं?"

"हो आत्याबाई."

"माह्यावर गेला वं पोरगा," म्हातारी म्हणाली.

पुष्पलतानं वर पाहिलं.

"पाहून काय राहिली? मी तुळशीले पाणी घालतो. घरात येतो, त वाटते, घातलं का नाही? तुळस कोपली त? पुन्हा जातो, पुन्हा घालतो. सकाळच्या पहारी चार-चार डाव. म्हणून त सडते ते."

या घरात तुळस टिकत नाही हे पुष्पलता लग्न झाल्यापासून पाहत होती. माती वाईट आहे असं समजून तिनं दोनदा कुहीहून माती आणवली होती.

"दिवा विझला का लावतो, मंग वाटते मन लागलं नव्हतं लावताना, पुन्हा लावतो. मालक हयात होते त हसत. म्हणत, मैना, देवाले झोपू दे घडीभर."

"पण तुम्हाला तर देवाचा आधार आहे ना आत्याबाई? मला वाटायचं, तुम्हाला कशाची भीती नाही."

"कोण म्हणे? तूच म्हणे." म्हातारीनं सुपातला एक खडा वेचून बाहेर टाकला. "मले त वाटे, भेव तुले नाही. मी तुह्याकडं पाहो. म्हणो, हे बिना देवाची एवढी ठाम उभी हाय, त मले काहून घाबरा लागते? तुह्याकडं पाहून झोपत होतो मी."

पुष्पलताला हसू यावं की रडू, कळेना. एक सासू देव धरून घाबरत होती आणि एक सून देव सोडून घाबरत होती, आणि एका छपराखाली पंचवीस-तीस वर्षं एकमेकींच्या तोंडाकडे पाहून दिवस काढत होत्या. आणि मधला पोरगा दोघींकडे पाहून समजत होता की या घरात भित्रा तो एकटाच.

"त्याला हे कधी सांगितलं तुम्ही?"

"विचारलं कोणी?" म्हातारी म्हणाली. "तू सांगतली का तुह्यावालं?"

त्याला हे कळायला हवं होतं. उद्याच्या आधी कळायला हवं होतं. भय गेलं पाहिजे असं तिचं म्हणणं नव्हतं, ते जाणार नाही हे तिला आज पहिल्यांदा नीट दिसत होतं. पण काठावर उभं राहताना, माझ्यातच काहीतरी मोडलं आहे, असं तरी त्यानं समजू नये. आजीच्या अंगात आहे, आईच्या अंगात आहे, नारळ फोडला म्हणून जात नाही आणि न फोडल्यानं येत नाही. एवढं कळलं तर हात उचलताना तो हलका होईल की नाही, कोण जाणे. निदान नारळ तरी सुटतील.

पण कळवायचं कसं? पत्र दोन दिवसांनी पोचेल, आणि ते तो चाळीसदा वाचून त्यात नसलेलं काढील. भैय्याजीला परत गाठून निरोप दिला तर रात्री खोलीत सगळ्यांसमोर त्याची चेष्टा होईल. स्वतः एस.टी.नं गेलं, तर आईला खाणीच्या फाटकाशी पाहिल्याबरोबर तो समजेल, बाबा गेले.

फोन उरला. कोपऱ्यावर गोविंदाचं औषधाचं दुकान होतं, तिथे फोन होता. पण मार्तंडनं एकदा सांगितलं होतं, खाणीच्या कचेरीत घरून फोन आला म्हणजे माणूस मेला असंच धरतात. बाबू हाक मारायला येतो तेव्हा आधी सगळे कामं थांबवून उभे राहतात. फोनपर्यंतच्या त्या वाटेवर तिचा पोरगा काय काय पाहत येईल, ते तिला इथे बसून दिसत होतं. त्याला एका भयातून सोडवायला दुसऱ्यातून पळवत न्यायचं? ती उठली, बसली, पुन्हा उठली. पदर नीट केला. दारापर्यंत गेली आणि स्टोव्ह विझवला का हे पाहायला परत आली. विझलेला होता. आपण काय केलं हे लक्षात येऊन तिनं कपाळाला हात लावला आणि बाहेर पडली.

गोविंदा काउंटरमागे पेपर वाचत होता.

"उमरेडला ट्रंक कॉल लावायचा आहे," ती म्हणाली. "खाणीच्या कचेरीत. मार्तंडला बोलवायचं आहे."

गोविंदानं पेपर खाली ठेवला. चेहरा गंभीर केला. "घरी सगळे ठीक ना बाई?"

"ठीक आहेत. हेच आधी त्या बाबूला सांगायचं. नाव सांगायच्या आधी. सगळे बरे आहेत, आईला बोलायचं आहे म्हणून फोन आहे. असं म्हणाल ना?"

"सांगतो की." त्यानं फोन जवळ ओढला, चाकाच्या भोकात बोट घातलं. "अर्जंट लावू का ऑर्डिनरी? अर्जंट लवकर लागते."

अर्जंट. एक्स्चेंजची बाई तिकडच्या बाबूला तो शब्द आधी सांगणार, आणि बाबू धावत सुटणार.

"ऑर्डिनरी लावा," पुष्पलता म्हणाली.

"त्याले संध्याकाळ होईल बाई. कधी कधी रात्रही होते."

"होऊ द्या," ती म्हणाली, आणि काउंटरसमोरच्या बाकावर बसली.